घरबांधणीत काँक्रीट कमी खर्चात कसे वाहावे आणि कसे भरावे: खान्देशातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत स्वतःचे घर बांधणारी कुटुंबे पाया, कॉलम आणि स्लॅब भरण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मिक्सरमधून निघालेला माल साच्यापर्यंत न बिघडता आणि कमी पैशांत कसा पोचवावा, एवढ्यापुरताच या पानाचा विषय आहे. घराचा आराखडा, सळईचे प्रमाण आणि काँक्रीटची प्रत तुमच्या अभियंत्याने ठरवून दिली आहे, असे गृहीत धरले आहे.

काँक्रीट वाहण्याचा खर्च नेमका कशामुळे वाढतो?

वजन, अंतर आणि उंची यांमुळे. एक घनमीटर काँक्रीट साधारण २,४०० किलो भरते. एका घमेल्यात सहा-सात लिटर, म्हणजे पंधरा-सोळा किलो माल मावतो. त्यामुळे एका घनमीटरला जवळपास १५० घमेली लागतात. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला बीम धरून साधारण १५ घनमीटर काँक्रीट लागते, असे मानले तर ते ३६ टन होते आणि घमेल्यांची संख्या सव्वादोन हजारांवर जाते. यातील प्रत्येक घमेले दहा फूट वर चढणार आहे आणि त्यानंतर स्लॅबच्या टोकापर्यंत जाणार आहे. म्हणून यंत्र भाड्याने घेण्याआधी मिक्सर कोठे उभा राहील, खडी आणि वाळू कोठे पडेल आणि पाण्याचा ड्रम कोठे असेल, हे जागेवर उभे राहून ठरवावे. खडी वाळूच्या दुप्पट लागते, म्हणून खडीचा ढीग मिक्सरच्या तोंडाशी सर्वांत जवळ हवा. ट्रॅक्टरवाला सोयीच्या जागी ट्रॉली पालथी करून निघून जातो आणि तो ढीग हलवण्याची मजुरी घरमालकाच्या माथी पडते. ही मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

किती माल लागेल, हे आधी कसे काढावे?

स्लॅबची लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत गुणली की घनफूट मिळतात, ३५.३ घनफूट म्हणजे एक घनमीटर आणि १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. बीमचे माप वेगळे काढून त्यात मिळवावे. एम-२० प्रतीचे, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १:१.५:३ प्रमाणाचे काँक्रीट असेल, तर घनमीटरला साधारण आठ गोण्या सिमेंट लागते. वर सांगितलेल्या १५ घनमीटरसाठी १२० गोण्या सिमेंट, सव्वादोन ब्रासच्या आसपास वाळू आणि साडेचार ब्रासच्या आसपास खडी धरावी. नुसत्या मिश्रणासाठी साडेतीन हजार लिटर पाणी लागते. धुणे, भिजवणे आणि पहिल्या दिवसाचे पाणी मारणे धरले, तर पाच हजार लिटरचा टँकर जेमतेम पुरतो. हे गणित कागदावर असेल, तरच लिफ्टवाला (माल वर चढवणाऱ्या मिक्सरचा मालक), रेडीमिक्सवाला (प्लांटमध्ये तयार केलेले काँक्रीट गाडीने पुरवणारा) आणि मजुरांची टोळी या तिघांच्या दरांची एकमेकांशी तुलना करता येते, कारण तिघांचीही दर सांगण्याची पद्धत वेगळी असते.

घमेल्यांची साखळी आजही परवडते का?

पाया, जोत्याचा बीम, लिंटेल, छज्जे आणि एखाद्या खोलीपुरता स्लॅब यांसाठी परवडते. माणसे एका जागी उभी राहून हातोहात घमेले पुढे देतात, तेव्हा चालण्याचे श्रम वाचतात आणि मालाला धक्केही कमी बसतात. दोन माणसांमध्ये पाच-सहा फुटांहून जास्त अंतर ठेवू नये. मात्र १५ घनमीटरचा स्लॅब नुसत्या साखळीवर एका दिवसात उरकायचा, तर पंचवीस-तीस माणसे लागतात. इतक्या माणसांची मजुरी आणि चहा-जेवण यांचा हिशेब केला, की लिफ्ट स्वस्त पडते. शिवाय दुपारनंतर साखळी मंदावते आणि मिक्सरमधला माल वाट पाहत पडून राहतो. स्लॅबच्या शेवटच्या चतुर्थांशात खड्डे आणि पोकळ जागा जास्त सापडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

हातगाडी कोठे उपयोगी पडते?

जमिनीच्या पातळीवरच्या कामात ती फार उपयोगी आहे आणि आपल्याकडे तिचा वापर हवा तितका होत नाही. पायाचे खड्डे, जोत्यावरचा पी.सी.सी. (सळई नसलेला काँक्रीटचा थर), अंगणाचा कोबा किंवा ओट्याची भरणी असेल, तर एका गाडीत सात-आठ घमेल्यांचा माल एका माणसाच्या हातून जातो. तिला सपाट वाट लागते. काळ्या मातीच्या प्लॉटवर भरलेली गाडी लगेच रुतते, म्हणून सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याच्या) जुन्या प्लेटा किंवा फळ्या ओळीने टाकून रस्ता करावा आणि चढ असेल तर दहा फुटांना एक फुटाहून तीव्र ठेवू नये. वाट खडबडीत असली, की गाडीच्या हेलकाव्यांनी खडी तळाला बसते आणि पाणी वर येते. असा माल ओतण्याआधी फावड्याने पुन्हा कालवून घ्यावा लागतो. रबरी टायरची गाडी थोडे जास्त भाडे देऊनही घ्यावी.

लिफ्टचा मिक्सर नेमका काय असतो आणि त्याचा दर कसा ठरतो?

खान्देशातील तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत स्लॅबसाठी सर्वाधिक वापरली जाणारी व्यवस्था हीच आहे. डिझेल इंजिनावरचा मिक्सर, त्याला जोडलेला उभा लोखंडी सांगाडा आणि त्यावर वायररोपने वर-खाली होणारी बादली, असे हे यंत्र असते. ते ट्रॅक्टरमागे ओढून आणतात. वीज गेली तरी काम थांबत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. एका किंवा दोन मजल्यांच्या घराला, रस्त्यालगत उभे राहण्यास जागा असेल तर, आमच्या मते सर्वांत काटकसरीचा पर्याय तोच आहे.

वेगाचा अंदाज असा काढता येतो. एका गोणीच्या घाण्यातून, म्हणजे मिक्सरच्या एका भरणीतून, साधारण ०.१२५ घनमीटर काँक्रीट मिळते. मिश्रण निदान दोन मिनिटे फिरले पाहिजे आणि भरणे व उतरवणे धरून एक घाणा तीन ते चार मिनिटांचा होतो. म्हणजे तासाला १५ ते २० गोण्या लागतात आणि १२० गोण्यांचा स्लॅब सहा ते आठ तासांत पुरा होतो. कोणी चार तासांत उरकून देण्याचा शब्द देत असेल, तर मोठा मिक्सर आहे का, हे आधी विचारावे. नसेल, तर घाणा पुरेसा फिरणार नाही.

दर अनेक ठिकाणी सिमेंटच्या गोणीवर ठरतो, काही ठिकाणी चौरस फुटावर, तर काही ठिकाणी पूर्ण दिवसावर. गोणीच्या दरात टोळीला घाई असते, दिवसाच्या दरात रेंगाळण्याकडे कल असतो. गोणीचा दर घ्यावा आणि घाणा किती वेळ फिरवायचा, हे ठरवताना तोंडाने सांगून टाकावे. दरात डिझेल, व्हायब्रेटर (माल हलवून घट्ट बसवणारे यंत्र), यंत्र आणण्या-नेण्याचे भाडे आणि स्लॅबवर माल पसरवणारी माणसे येतात का, याची विचारणा करावी. भांडणे याच चार गोष्टींवरून होतात. लिफ्टच्या बादलीत बसून वर जाण्याची सवय काही मजुरांना असते. ती पहिल्याच वेळी बंद करावी.

आमचे घर जुन्या वस्तीत अरुंद गल्लीत आहे. तेथे काय करावे?

अमळनेर, चाळीसगाव, धरणगाव, नंदुरबार यांसारख्या गावांच्या जुन्या भागात, जेथे धाब्याची घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत, तेथे हा प्रश्न नेहमी येतो. लिफ्टचा सांगाडा गल्लीत शिरत नसेल, तर गल्लीच्या तोंडाशी मिक्सर, तेथून हातगाडी आणि घराशी विजेवर चालणारा लहान होइस्ट किंवा कप्पी-दोराची बादली, अशी तीन टप्प्यांची मांडणी करता येते. तिचा वेग तिच्यातील सर्वांत सावकाश टप्प्याइतकाच राहतो आणि तो टप्पा बहुधा कप्पीचा असतो, म्हणून दोन कप्प्या लावाव्यात. दोर जाड आणि नवा असावा. बादलीच्या खाली कोणी उभे राहू नये आणि कप्पी ज्या बल्लीला बांधली आहे, ती स्लॅबच्या सेंट्रिंगला जोडलेली नसावी, कारण प्रत्येक ओढीबरोबर सेंट्रिंग हलते.

शेजारच्या धाब्यावर खडी-वाळू टाकून तेथून माल कालवण्याचा मोह होतो. मातीच्या धाब्याखालील जुनी सरे आणि पाट्या तेवढ्या ओझ्यासाठी घातलेल्या नसतात. शेजाऱ्याने आनंदाने होकार दिला, तरी हे करू नये.

रेडीमिक्स काँक्रीट घरासाठी परवडते का?

जळगाव आणि धुळे शहरांच्या आसपास अनेकदा परवडते. दूरच्या गावी क्वचितच. तुलना करताना रेडीमिक्सच्या घनमीटरच्या दरासमोर नुसते सिमेंट-वाळू-खडीचे पैसे ठेवू नयेत. मिक्सरचे भाडे, पाण्याचा टँकर, मजुरी आणि उरून वाया जाणारी वाळू-खडी हेही त्या बाजूला धरावे. असे केल्यावर दोन्हींमधला फरक वाटतो तितका राहत नाही आणि प्रत्येक घाण्यातील पाण्याचे प्रमाण सारखे राहते, हा लाभ वेगळा.

अडचणी तीन आहेत. पहिली गाडीची. भरलेला ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे रेडीमिक्सची गाडी, पंचवीस टनांच्या घरात जातो आणि पावसाळ्यानंतरची काळी जमीन, नवीन वसाहतीतला मुरमाचा कच्चा रस्ता, सेप्टिक टाकीवरचे झाकण किंवा गटारीवरची फरशी यांपैकी काहीही त्याच्या चाकाखाली टिकत नाही. दुसरी अडचण वेळेची. आय.एस. ४९२६ या भारतीय मानकानुसार गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरायला हवा. चोपडा किंवा शहाद्याकडे गाडी यायची असेल, तर प्लांटपासूनचे अंतर, वाटेतील फाटक आणि जागेवरची तयारी यांचा हिशेब त्या दोन तासांतच बसवावा लागतो. तिसरी अडचण मापाची. एका गाडीत बहुधा सहा घनमीटर येतात. १५ घनमीटरला अडीच गाड्या लागतात आणि शेवटच्या अर्ध्या गाडीचे पूर्ण भाडे मागितले जाऊ शकते. त्या दिवशी जिन्याची पायरी, पाण्याच्या टाकीचा तळ किंवा अंगणाचा कोबा तयार ठेवला, तर तो माल कामी लागतो.

गाडी आल्यावर पावतीवर माल भरल्याची वेळ आणि प्रत पाहावी. वेळ लिहिलेली नसेल, तर गाडी उतरवून घेण्याआधी चालकाला विचारून ती लिहून घ्यावी.

पंप घ्यावा का? लाइन पंप आणि बूम पंप यांत फरक काय?

बूम पंपाला दुमडणारा हात असतो. तो गाडीतून थेट स्लॅबवर माल सोडतो आणि तासाभरात घराचा स्लॅब भरतो. त्याचे पाय पसरण्यास रुंद जागा लागते आणि वर विजेच्या तारा नसाव्या लागतात. आपल्या वसाहतींत ही दुसरी अट पुरी होणे अवघड असते. एका घराच्या स्लॅबसाठी त्याचे किमान भाडे जड पडते, पण एकाच ओळीतील दोन-तीन घरमालकांनी एकच दिवस धरला, तर विचार करता येतो.

लाइन पंपात जमिनीवरून आणि भिंतीवरून पाइप टाकून माल ढकलतात. गाडी आत येत नाही आणि घर रस्त्यापासून शंभर-दीडशे फूट आत आहे, अशा ठिकाणी तो खरोखर उपयोगी आहे. सुरुवातीला पाइप ओला करण्यासाठी सिमेंटचा पातळ घोळ सोडतात. तो स्लॅबमध्ये जाऊ देऊ नये, घमेल्यात धरून बाहेर टाकावा. पाच इंची पाइपमध्ये प्रत्येक मीटरला बारा लिटर माल मावतो. म्हणजे तीस मीटरच्या लाइनमध्ये तीन गोण्यांचा माल काम संपल्यावर अडकलेला असतो. मागणी नोंदवताना तो धरला नाही, तर शेवटचा कोपरा उघडा राहतो आणि तो कोपरा मग हाताने कालवलेल्या मालाने भरला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी मिक्सर-लिफ्टही सहज येत नाही. तेथे पर्याय कोणता?

धडगाव, अक्कलकुवा किंवा यावल-रावेरच्या वरच्या पट्ट्यात रस्त्याची किंवा पुलाची सरकारी कामे चालू असतील, तर ठेकेदाराकडे सेल्फ-लोडिंग मिक्सर असण्याची शक्यता असते. हे यंत्र स्वतःच खडी-वाळू उचलते, कालवते आणि चढावर चालत जाऊन माल ओतते. अर्ध्या दिवसासाठी ते मिळाले, तर पाया आणि जोते यांचे काम फार सोपे होते. ते मिळाले नाही, तर एक गोणीचा साधा मिक्सर आणि घमेल्यांची साखळी हाच मार्ग उरतो. स्लॅबचे भाग पाडून भरावे लागले, तर सांधे कोठे द्यायचे, हे अभियंत्याकडून आधीच आखून घ्यावे. पूर्णपणे हाताने कालवण्याची वेळ आली, तर सिमेंट दहा टक्के जास्त घेण्याचा रिवाज आहे आणि तो पाळावा. कालवणे मातीवर न करता लोखंडी पत्र्यावर करावे.

मिस्तरी म्हणतो, थोडे पाणी वाढवले की माल आपोआप सरकतो. ते चालते का?

चालत नाही आणि या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवावे. माल सरकवण्यासाठी वापरली जाणारी सर्वांत स्वस्त वस्तू पाणी आहे; ते फुकट मिळते, मजुरांचे श्रम वाचवते आणि त्या दिवशी सर्वांना खूश ठेवते. आय.एस. ४५६:२००० या संहितेत एम-२० च्या ठरीव मिश्रणाला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, आणि सळईच्या काँक्रीटसाठी त्याच संहितेची टिकाऊपणाची अट लावली, तर ही मर्यादा साडेसत्तावीस लिटरवर येते. वाळू ओली असेल, तर तिच्यातील पाणीही यातच मोजायचे. आता घाण्यात दहा लिटरची एक बादली जास्त पडली, असे समजा. तीस लिटरचे चाळीस झाले, म्हणजे पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर ०.६ वरून ०.८ झाले. एवढ्याने काँक्रीटची ताकद साधारण एक तृतीयांश घटू शकते. म्हणजे घरमालकाने सिमेंटचे पैसे एम-२० चे दिले आणि छपरावर त्याहून कितीतरी हलका माल बसला. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते, तेथे बारीक छिद्रे राहतात आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे डाग आणि पोपडे दिसू लागतात.

उपाय साधा आहे. मिक्सरपाशी खुणा केलेला डबा ठेवावा आणि पाणी त्या डब्यानेच टाकावे, नळी सोडू देऊ नये. घरातील एक समंजस माणूस दिवसभर मिक्सरपाशी उभा करावा. स्लॅबवर उभे राहून देखरेख करण्यापेक्षा ही जागा महत्त्वाची आहे. माल खरोखरच घट्ट असेल आणि सळ्यांच्या जाळीतून उतरत नसेल, तर प्लॅस्टिसायझर हे द्रवरूप रसायन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरावे. ते पाणी न वाढवता माल मऊ करते आणि एका स्लॅबसाठी त्याचा खर्च मजुरांच्या एका वेळच्या जेवणाहून फारसा जास्त नसतो.

कॉलम भरताना वरून थेट घमेली ओतली, तर काय बिघडते?

उंचीवरून पडणारा माल सळ्यांवर आणि रिंगांवर आपटतो, खडी सुटून तळाशी जमा होते आणि साचा उघडल्यावर जोत्याजवळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. त्याच जागेवर भूकंपात आणि वाऱ्यात सर्वांत जास्त ताण येतो. संहितेनुसार काँक्रीट दीड मीटरहून, म्हणजे साधारण पाच फुटांहून जास्त उंचीवरून मोकळे सोडू नये. दहा फुटांचा कॉलम असेल, तर साच्याच्या एका बाजूला मध्यावर खिडकी ठेवून खालचा अर्धा भाग तेथून भरावा आणि खिडकी बंद करून मग वरून भरावे. चार इंची पी.व्ही.सी. पाइपच्या तुकड्याला वर कापलेल्या डब्याचे नरसाळे बसवले, तर तेही चालते. तो पाइप माल चढेल तसा वर ओढत न्यावा. कॉलम सुरू करण्याआधी तळाशी पडलेले लाकडाचे तुकडे आणि भुसा काढून टाकावा आणि पहिल्यांदा इंचभर सिमेंट-वाळूचा घोळ सोडावा.

पायाचे खड्डे खोल असतील, तर?

काळ्या मातीमुळे आपल्याकडे पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. खड्ड्याच्या काठावरून माल फेकला, की माती ढासळून त्यात मिसळते. पत्र्याची पन्हळ लावावी. तिच्या दोन ते तीन फूट लांबीला एक फूट उतार असावा. याहून तीव्र उतारावर खडी पुढे पळते, याहून सपाट पन्हळीत माल अडकतो आणि मग कोणीतरी पाणी मारतो. पन्हळीचे टोक जमिनीच्या जवळ असावे. हाताने बनवलेली ही पन्हळ हजार रुपयांचे यंत्र भाड्याने आणण्यापेक्षा जास्त कामाची आहे.

स्लॅब भरताना सळ्यांवरून चालावेच लागते. त्याने खरोखर नुकसान होते का?

गॅलरी, सज्जा आणि बीमवरून जाणाऱ्या वरच्या सळ्यांचे फार मोठे नुकसान होते. सकाळी सात वाजता या सळ्या वरच्या पृष्ठभागाच्या इंचभर खाली, हव्या त्या जागी बांधलेल्या असतात. अकरा वाजेपर्यंत भरलेली घमेली घेऊन शंभर-दोनशे वेळा पावले त्यांवर पडलेली असतात आणि सळ्या वाकून मधोमध किंवा तळाशी गेलेल्या असतात. त्यावर माल पडला, की काहीच दिसत नाही. पुढे भिंतीबाहेर काढलेल्या सज्ज्याचे सर्व ओझे त्याच वरच्या सळ्यांना पेलायचे असते. पाच इंची सज्ज्यात तळापासून चार इंचांवर असलेली सळई दीड इंच खाली गेली, तर सज्ज्याची ओझे पेलण्याची क्षमता जवळपास चाळीस टक्के कमी होते. सेंट्रिंग काढताच गॅलरी खाली झुकल्याच्या घटनांत सळई कमी घातल्याचा संशय पहिल्यांदा घेतला जातो, पण सळई पुरेशी असूनही ती जागेवर नव्हती, असेही आढळते.

म्हणून चालण्यासाठी फळ्यांची वाट असावी आणि फळ्या सळ्यांवर न टेकता लोखंडी चेअर (सळईचे टेकू) किंवा विटांवर टेकलेल्या असाव्यात. माल भरणे लिफ्टपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून सुरू करावे आणि लिफ्टकडे सरकत यावे, म्हणजे भरलेल्या भागावरून कोणाला चालावे लागत नाही आणि फळ्या मागे मागे काढत येता येतात. एक सळईवाला हातात हूक घेऊन शेवटपर्यंत स्लॅबवर थांबला पाहिजे. त्याचा एका दिवसाचा पगार वाचवू नये. गॅलरीचा भाग त्याने सळ्या उचलून दाखवल्यावरच भरावा.

व्हायब्रेटरने माल पसरवला, तर वेळ वाचतो ना?

वेळ वाचतो आणि माल फाटतो. ढीग एका जागी ओतून नीडलने (व्हायब्रेटरच्या नळीने) तो ढकलत नेला, की चिकट घोळ पुढे जातो आणि खडी मागे राहते. माल जेथे हवा तेथेच ओतावा आणि फावड्याने पसरवावा. घराच्या कामाला ४० मिलिमीटरची नीडल पुरते. ती फुटाफुटाच्या अंतरावर उभी घालून बुडबुडे येणे थांबेपर्यंत ठेवावी आणि सावकाश वर ओढावी.

स्लॅब मध्येच थांबवावा लागला, तर काय करावे?

इंजिन बंद पडते, पाऊस येतो, सिमेंट संपते. ताजा माल आधीच्या मालावर अर्ध्या-पाऊण तासात पडला, तर दोन्ही एकजीव होतात. उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी असते. त्याहून जास्त वेळ जाणार असेल, तर माल जेथे संपला तेथे पसरट सोडू नये. खोलीच्या स्पॅनच्या मधल्या तृतीयांशात फळी उभी लावून सरळ कड करावी. बीमच्या तोंडाशी किंवा भिंतीच्या काठावर सांधा देऊ नये. दुसऱ्या दिवशी ती कड तारेच्या ब्रशने खरवडावी, भिजवावी आणि सिमेंटचा घोळ लावून पुढे भरावे.

एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकावा की थांबावे?

खान्देशात या दोन महिन्यांत पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत जातो. आय.एस. ७८६१ नुसार हवेचे तापमान ४० अंशांहून जास्त असताना केलेले काम उष्ण हवामानातील काँक्रीट समजले जाते आणि त्याला वेगळी काळजी लागते. शक्य असेल, तर थांबावे. शक्य नसेल, तर काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवावे किंवा पुरेसे दिवे लावून रात्री करावे. आदल्या संध्याकाळी खडी भिजवावी, पाण्याची टाकी सावलीत ठेवावी, लोखंडी प्लेटांवर माल टाकण्याआधी पाणी शिंपडावे. गरम वाऱ्यात वरचा थर दोन तासांत फाटतो, म्हणून स्लॅब सारखा करताच ओल्या पोत्यांनी झाकावा आणि दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवावे. आय.एस. ४५६ संहितेनुसार कोरड्या, गरम हवेत किमान दहा दिवस पाणी लागते. आपल्याकडे जास्त मिळणाऱ्या पी.पी.सी. (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला ते चौदा दिवस मारावे, असे तीच संहिता सुचवते.

मजूर कोणत्या काळात मिळत नाहीत?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात टोळ्या गावी जातात आणि त्यांची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मजुरीचे दर चढतात. स्लॅबची तारीख या दोन्ही काळांच्या बाहेर धरली, तर यंत्र न बदलताही खर्च कमी होतो. पावसाळा उघडल्यावर आणि वेचणी जोरात येण्यापूर्वीचे थोडे दिवस हवा आणि पाणी या दोन्ही दृष्टींनी चांगले असतात, पण तेव्हा सर्वांनाच स्लॅब टाकायचा असतो.

घरकुलाचा लहान स्लॅब आहे. लिफ्टवाला एवढ्यासाठी येईल का?

घरकुल योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे असते. पाच इंची स्लॅबला बीम धरून साडेतीन ते चार घनमीटर माल, म्हणजे तीसेक गोण्या लागतात. दीड-दोन तासांच्या या कामासाठी लिफ्टवाला पूर्ण फेरीचे भाडे मागतो. एकाच गल्लीतील तीन घरकुलांची सेंट्रिंगे एकाच दिवशी तयार असतील, तर ते भाडे वाटले जाते. ग्रामपंचायतीकडे कोणाचे काम कोणत्या टप्प्यावर आहे, याची माहिती असते. जोडीदार मिळाला नाही, तर साधा मिक्सर, शिडीवर उभे राहून घमेली वर देणारी पाच-सहा माणसे आणि भाऊबंदांचे हात यांवर हा स्लॅब सकाळच्या वेळात उरकतो. परांची मात्र मजबूत हवी, कारण भरलेले घमेले वर देताना तोल पुढे जातो.

उरलेल्या मालाचे काय करावे?

तासाभराच्या आतला असेल, तर गेटचा उंबरा, धुण्याचा ओटा किंवा कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे) यांसाठी साचे तयार ठेवून त्यांत भरावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करू नये आणि कोणत्याही कॉलम-बीममध्ये टाकू नये. मिक्सर, घमेली आणि हातगाडी त्याच संध्याकाळी धुवावीत आणि धुतलेले पाणी गटारीत न सोडता एखाद्या खड्ड्यात जिरवावे, कारण त्यातील सिमेंट गटारीच्या तळाशी दगडासारखे बसते.